एक्स्ट्रा आठ सळया

आमच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चार चौकोन असतात. कुणी काढलं, कुणी डिझाइन केलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. प्रत्येक चौकोनात नावाची आद्याक्षरं. तेवीस वर्षं माझी अक्षरं पहिल्या चौकोनात पडत आली आणि बाकीच्या तिन्ही चौकोनांत साहेबांची.

पहिली सहा-सात वर्षं ते खरंही होतं. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला, जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात वाढलेला, वडील फॅक्टरीत लेथवर. मला ड्रॉइंग काढता येत होतं, तेवढंच येत होतं. पुढचं मी शिकलो. कुणी शिकवलं नाही. साहेबांच्या कपाटातली पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचली, गोहलपुरातल्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये स्टुलावर बसून फुटलेले वेल्ड हातात घेऊन पाहिले, बोल्ट कसा कापला जातो, प्लेट कुठून वाकते ते बघितलं. मग साहेबांची आकडेमोड एकेक करून माझ्या टेबलावर येऊ लागली. आधी छोट्या शेड, मग गोदामं, मग मजल्यांच्या इमारती. काम सगळं सरकलं. चौकोन तेवढा सरकला नाही.

साहेबांचं घराणं मराठ्यांच्या अमलात चाकरीला म्हणून इथे आलेलं आणि ते त्यांच्या बोलण्यात अजून दिसायचं. मराठी स्वच्छ, धुतलेली. आमच्या घरची मराठी हिंदीत बुडवून काढलेली. क्लायंटसमोर ते माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे ड्राफ्ट्समन. हात फार सुरेख आहे यांचा." हात. जणू खांद्याच्या वर काही नव्हतंच. आणि मी कधी बोलता बोलता "काहून" म्हणालो की चारचौघांत हसून म्हणायचे, "अहो, काहून नव्हे, का म्हणावं." हिंदी क्लायंटला यातलं काही कळायचं नाही, पण कुणाचं तरी काहीतरी चुकलं आणि ते माझं, एवढं कळायचं.

मी घासाघीस करणारा माणूस आहे. गुरंदीच्या जुन्या बाजारात सामान घेत लहानाचा मोठा झालो. समोरच्यानं कमी करा म्हणण्याआधी आपण किती चढवून सांगायचं हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. ड्रॉइंगमध्येही मी तेच करायचो. जेवढं लागतं त्याच्यावर थोडं चढवून ठेवायचो. मग ठेकेदार यायचा, कुरकुर करायचा, आणि मी उपकार केल्यासारखं तोंड करून थोडं सोडायचो. तो खूश, मालक खूश, आणि इमारतीला जे लागतं ते तिच्यात राहायचंच. सोडायचं ते मी बहुतेक "एक्स्ट्रा" या शब्दाखाली ठेवायचो. शब्द आमच्या धंद्यात जुनाच आहे. स्लॅबमध्ये सगळीकडे सळया असतात, शिवाय काही जागी वरच्या बाजूला जादा सळया टाकतात, त्यांना एक्स्ट्रा टॉप म्हणतात. पण जबलपूरच्या साइटवर माझ्या हातून या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला. ठेकेदार ड्रॉइंगची गुंडाळी सोडायच्या आधी विचारायचा, "बड्डे, इसमें एक्स्ट्रा कितना है?" बड्डे म्हणजे इकडचं दादा, आणि एक्स्ट्रा म्हणजे कापायला किती ठेवलंय.

मग ती इमारत आली. एका शिकवणी-वर्गाची, पाच मजली. मालकाला घाई होती म्हणून सांगाडा लोखंडी ठरला. लोखंडाचे कॉलम, लोखंडाचे बीम, त्यावर पन्हाळीदार पत्रा आणि पत्र्यावर काँक्रीट. साहेबांनी मालकाला दाखवायला एका जुन्या कामावरून बीमची मापं उचलली. मालक बघून म्हणाला, इतके खोल बीम लावले तर वर्गात छत डोक्यावर येईल, मुलं गुदमरतील. नागपूरचा एक सल्लागार याच्या निम्म्या खोलीचे बीम करून देतोय, मी तिकडे जातो. साहेबांनी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि मला आत बोलावलं.

"होईल का कमी?"

"होईल," मी म्हणालो.

"किती?"

"त्याला पाहिजे तेवढं. पण मला एक पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढला. "स्पष्ट बोला."

"दुसरा चौकोन."

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हसले. "अहो, तुम्ही डिप्लोमा. उद्या कुणी विचारलं तर?"

"मंजुरीत तुमची सही राहीलच. कायद्याला तेवढी पुरते. डिझाइनमध्ये माझी अक्षरं टाका."

"दोन अक्षरांसाठी काहून एवढा हट्ट?" त्यांनी माझा शब्द माझ्यावर उलटवला.

"मी करून राहिलो म्हणून."

"करतो आहे म्हणून," ते म्हणाले. मग चष्मा पुसू लागले. मी उठलो नाही. घासाघिशीत जो आधी उठतो तो हरतो. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. हे एक काम. पुढचं पुढे बघू."

त्या दिवशी मी घरी जाताना बायकोसाठी जिलबी घेतली.

आता मी काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडी बीम दोन्ही टोकांना कॉलमला बोल्टांनी धरलेला असतो. वजन आलं की तो मधोमध खाली वाकतो आणि टोकाला त्याची वरची कड कॉलमपासून सुटू बघते. ती सुटू दिली तर सगळा भार बीमच्या पोटावर येतो आणि बीम खोल लागतो. सुटू दिली नाही तर टोकं मधल्याला मदत करतात आणि बीम लहान चालतो. वरची कड धरून कोण ठेवणार? जाड प्लेट आणि मोठे बोल्ट धरू शकतात, पण ते बोजड होतं. मी ती ओढ स्लॅबवर टाकली. बीमच्या पाठीवर अंगठ्याएवढे, डोकं असलेले खिळे वेल्ड करतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यांच्यामुळे काँक्रीट आणि बीम एकजीव होतात. त्या काँक्रीटमध्ये, कॉलमच्या एका बाजूने चार आणि दुसऱ्या बाजूने चार अशा आठ सळया एका बीमवरून पलीकडच्या बीमवर न तोडता न्यायच्या. खाली लोखंड कॉलमला रेटतं, वर सळया ओढून धरतात. लोखंड आणि काँक्रीट मिळून एक जोड. बीमची खोली एकदम उतरली. मधल्या बारा कॉलमवर असे जोड होते आणि सगळी इमारत त्यांच्या भरवशावर होती.

पुस्तकात हे आहे. मी शोधून काढलं असं म्हणत नाही. पण आमच्या ऑफिसात हे आजवर कुणी केलं नव्हतं आणि ते मला साहेबांना सांगायचं नव्हतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी दोन दिवसांत ते मालकाला स्वतःच्या सुंदर हिंदीत समजावलं असतं आणि ते त्यांचं झालं असतं. म्हणून मी त्या सळयांना वेगळं नाव दिलं नाही. वेगळी टीप टाकली नाही, जोडाचं मोठं चित्र काढलं नाही. इतर सगळ्या ड्रॉइंगवर असतं तसंच लिहिलं, एक्स्ट्रा टॉप, आठ. हिशेब छत्तीस पानांचा होता. तो जोड एकोणिसाव्या पानावर होता. साहेबांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि मधल्या सगळ्या पानांवर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली. मला हेच हवं होतं.

छापील प्रत आली तेव्हा मी तिचा फोटो काढून घरी दाखवला. बायकोनं मोबाइल जवळ नेला, लांब नेला.

"कुठंय तुमचं नाव?"

"हे काय."

"एवढंसं?" ती म्हणाली. "मला वाटलं वर येते, मोठ्या अक्षरात."

त्यानंतर माझ्या भाचीचं लग्न निघालं आणि मी आठ दिवस नागपूरला गेलो. त्या आठ दिवसांत ठेकेदार ऑफिसात आला. पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या सळया मागवायच्या होत्या आणि कापायला मी जागेवर नव्हतो. हे मला त्यानंच नंतर सांगितलं, चघळून चघळून. तो साहेबांना म्हणाला, "सर, भैया तो हैं नहीं. इसमें एक्स्ट्रा कितना छोड़ेंगे?" साहेबांना माझी पद्धत माहीत होती. तेवीस वर्षं शेजारच्या खोलीत बसून त्यांनी ती ऐकली होती, आणि ती त्यांना जरा हलकी वाटायची. दर सळईमागे वाद घालणं त्यांना शोभत नव्हतं. ते म्हणाले, "जो एक्स्ट्रा लिखा है, सब हटा दो. बाकी एक इंच मत छूना."

मला त्यांनी फोन केला नाही.

शुक्रवारी दुपारी मी नागपूरहून आलो तो जेवून सरळ साइटवर गेलो. माझा जोड बघायचा होता. कुणी आपलं नव्यानं बांधलेलं घर बघायला जावं तसा गेलो. वर चढलो. पत्रा अंथरलेला, त्यावर बारीक सळयांची जाळी, बीमच्या रेषेत स्टड ओळीनं उभे. उन्हात चमकत होते. एका स्टडला मी बुटाच्या टाचेनं ठोकर दिली, चांगला वाजला. मग कॉलमपाशी गेलो. तिथे जाळी होती आणि दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या कॉलमपाशी गेलो. बाराच्या बारा फिरलो.

ठेकेदार चहा घेऊन वर आला. "का बड्डे, लड्डू कहाँ हैं शादी के?"

"कॉलम के ऊपर की सरिया कहाँ है?"

"एक्स्ट्रा वाली? वो तो सर ने छोड़ दी." त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. "आपके सर बड़े आदमी हैं भैया. आपकी तरह एक-एक सरिये पे नहीं लड़ते. एक बार में सब माफ."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हे मला लहानपणापासून होतं. एरवी मी ग्लास फेकला असता, चार शिव्या दिल्या असत्या आणि काम थांबवलं असतं. त्या दिवशी मी चहा प्यायलो. मोबाइल काढला आणि तीन कॉलमांचे फोटो घेतले, जवळून, स्टड दिसतील आणि सळया नाहीत ते दिसेल असे.

"कल सुबे से ढलाई है," ठेकेदार म्हणाला, म्हणजे काँक्रीट ओतणं. "गाड़ियाँ बोल दी हैं. कुछ कमी हो तो बता दो. नहीं तो डाल दें?"

"अच्छा, चलो," मी म्हणालो आणि जिना उतरलो.

जबलपुरात "चलो" म्हणजे काहीही होतं. निघतो, ठीक आहे, पुरे, बघू. मी निघतो या अर्थानं म्हणालो. तो कोणत्या अर्थानं घेणार हेही मला माहीत होतं. स्कूटरवर मी हिशेब केला. नुसत्या काँक्रीटचं वजन लोखंडी बीम एकटा झेलेल, हिशेबात तसंच धरलं होतं. बाक येतील, मुलं येतील, तेव्हा झेपणार नाही. बाक यायला अजून पाच महिने होते. म्हणजे उद्या कुणी मरणार नव्हतं. हे मी घमापूरच्या चौकापर्यंत दोनदा तपासलं आणि मग माझं मन निवांत झालं. आत्ताच सांगितलं असतं तर साहेब हसून म्हणाले असते, अहो, टाका परत, त्यात काय. मला त्यांची चूक काँक्रीटमध्ये हवी होती. कडक झालेली, फोडल्याशिवाय न निघणारी.

शनिवारी सकाळी मी घरीच होतो. दहाच्या सुमाराला बायकोनं विचारलं, "आज काहून असे बसून राहिले? तब्येत बरी नाही का?"

"सुट्टी आहे."

"शनिवारी कधीपासून सुट्टी?"

मी पेपर वर केला. आत्ता उत्तरेकडचा भाग झाला असेल, आत्ता मधला. मला सगळं दिसत होतं. फोन खिशात होता. मी तो काढला नाही.

सोमवारी अकरा वाजता मालक साइटवर यायचा. त्या दिवशी साहेबही आले. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. नव्या स्लॅबवर पाणी भरून ठेवलं होतं, आम्ही चौघे कडेच्या फळीवर उभे होतो. मी, साहेब, मालक, ठेकेदार. मालक खुशीत होता. साहेब त्याला बीम किती लहान झाले ते दाखवत होते. "हमने सोचा," असं ते म्हणाले. हमने.

मी म्हणालो, "सर, कॉलम के ऊपर की आठ-आठ सरिया कहाँ हैं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कौन सी?"

"जिनके भरोसे ये बीम छोटा हुआ है."

"वो एक्स्ट्रा? वो तो हमने..."

"एक्स्ट्रा नहीं थी. वही जोड़ थी. पन्ना उन्नीस. आपने हरी स्याही से टिक किया है." मी बॅगेतून पान काढून पुढे धरलं. घडी करून तयारच ठेवलं होतं. "बिना सरिया के ये बीम बच्चों का वजन नहीं उठाएगा. पढ़ लीजिए. आज तो पढ़ लीजिए."

साहेबांनी पान हातात घेतलं. सत्तरीचा माणूस. उन्हात डोळे बारीक करून वाचायला लागले आणि मी बघत राहिलो. मला ते थांबावं असं वाटत नव्हतं. पहिल्या ओळींवर त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. मध्यावर तो गेला. खाली येईपर्यंत त्यांना सगळं समजलं होतं, कारण हुशार ते होतेच. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मी मराठीत म्हणालो, "काहून घाम फुटला, साहेब?"

त्यांनी शब्द दुरुस्त केला नाही.

मालक आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "एक मिनट. अगर वो जरूरी थी तो एक्स्ट्रा क्यों लिखा?"

"ऐसे ही लिखते हैं," मी म्हणालो. "इंजीनियर को पढ़ना पड़ता है."

"पर पक्का है कि नहीं डली? आप तो नागपूर में थे."

इथे मी गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. स्लॅब चार जागी टोकरून बघायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मला सगळं लगेच, आत्ता, त्यांच्या तोंडावर हवं होतं. मी मोबाइल काढून मालकाच्या हातात दिला. त्यानं पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. मग बोटानं वर सरकवून काहीतरी वाचलं.

"ये तो शुक्रवार की है. दोपहर तीन बजे." त्यानं वर बघितलं. "ढलाई शनिवार को हुई ना?"

ठेकेदार लगेच पुढे झाला. अशा वेळी ठेकेदार फार चपळ असतो. "यहीं खड़े थे साहब. चाय पिलाई मैंने. पूछा, डाल दें? बोले, चलो."

"मैंने जाने के लिए चलो बोला था."

"हाँ, तो हमने भी कहाँ रोका जाने से," ठेकेदार म्हणाला आणि एकटाच हसला.

मालकानं मोबाइल मला परत दिला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. "मेरे यहाँ बच्चे बैठेंगे, इंजीनियर साहब," एवढंच म्हणाला. तेवीस वर्षांत क्लायंटनं मला इंजिनिअर म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

साहेब मला मराठीत, हळू म्हणाले, "तुम्ही बघितलं होतं?"

"हो."

"आणि फोन केला नाही."

"तुम्ही केला होता का, सळया सोडताना?"

"नाही," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या डोक्यात आलं होतं." आणि ते पान त्यांनी चार घड्या करून स्वतःच्या खिशात ठेवलं.

स्लॅब फोडायचा ठरला. सगळा नाही, बारा कॉलमांभोवती, बीमच्या रेषेवर दोन्हीकडे दोन-दोन मीटर. मशीन लावता येईना, हादऱ्यानं स्टड सैल झाले असते आणि खालचा पत्रा फाटला असता. हातानं फोडायचं, छन्नी-हातोड्यानं, जाळी न तोडता, स्टडला धक्का न लावता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "डिझाइन तुमचं आहे. शेवटपर्यंत तुम्हीच उभे राहा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी राजीनामा देईन असं त्यांना वाटलं असेल तर ते चुकले. मी सोडून गेलो असतो तर ते काम त्यांचं झालं असतं.

फोडायला ठेकेदारानं कुंडमकडच्या खेड्यांतली माणसं आणली. त्यात एक नवराबायको होते, मी बसायचो त्या बाजूच्या चार कॉलमांवर. दोन दिवसांचं काँक्रीट कच्चं असतं असं लोकांना वाटतं. आम्ही फोडायला लागलो तोवर आठवडा झाला होता आणि मी त्यात सिमेंट हात राखून घातलं नव्हतं. एका दिवसात वीतभर जागा व्हायची. तो छन्नी मारायचा, ती मलबा टोपलीत भरायची. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ओरडायचो, स्टड सांभाळ, जाळी सांभाळ. माझा सगळा राग त्याच्यावर निघत होता. एकदा त्याची छन्नी स्टडच्या मानेला लागली तेव्हा मी उठून त्याच्या हातातला हातोडा हिसकावून घेतला आणि म्हणालो, "अंधा है क्या?"

चौथ्या दिवशी एक कपचा उडून त्याच्या डोळ्यात गेला. बायकोनं बाटलीतलं पाणी मारलं, पदर फिरवला. डोळा लाल होऊन सुजला, पाणी थांबेना. ठेकेदारानं दोघांना कुंडमच्या बसमध्ये बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आणला. जाताना ती बाई मला म्हणाली, "बाबूजी, ये पहले नहीं दिखा था का?" टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "तुम लोग चश्मा क्यों नहीं लगाते?" चष्मे त्यांना कुणी दिले नव्हते. ते मला माहीत होतं. पुढे त्या डोळ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ठेकेदारानं मला सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

सळया बसल्या. मी स्वतः बारा कॉलमांवर प्रत्येकी आठ मोजल्या आणि नवं काँक्रीट पडेपर्यंत जागचा हललो नाही. जोड चांगला झाला. आजही ती इमारत उभी आहे, वर्ग भरतात, आणि बीम बघून कुणी विचारतंच की एवढ्या लहान बीमवर एवढा मोठा हॉल कसा. माझं गणित चुकलं नव्हतं.

नंतर शेवटचं ड्रॉइंग निघालं, जसं प्रत्यक्ष बांधलं तसं दाखवणारं. मालकानं ते मागितलंच होतं, आणि त्यावर काय घडलं त्याची नोंद असली पाहिजे असंही सांगितलं होतं. ते त्याच्या फाइलीत राहणार, महापालिकेत जाणार, उद्या कुणी इमारत विकत घेतली तर त्याला दिलं जाणार. मी ते काढलं. दुरुस्तीच्या रकान्यात मी लिहिलं, पहिल्या मजल्याचा स्लॅब अंशतः बदलला. दुसरा चौकोन मी रिकामा ठेवला आणि प्रत साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा चढवला. "हा रिकामा का?"

"या कामात राहू द्या, साहेब. तुमची अक्षरं टाका, नेहमीसारखी."

"माझी कशी? डिझाइन मी केलेलं नाही. एकोणिसावं पान मी वाचलंही नव्हतं, तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत."

मी खुर्ची ओढून बसलो. मला घासाघीस येते. मी म्हणालो, यापुढे दुसरा चौकोन कधी मागणार नाही. ते म्हणाले, तो प्रश्न नाही. मी म्हणालो, माझी अक्षरं टाकू, पण दुरुस्तीची नोंद माझ्या चौकोनाच्या शेजारी नको, दुसऱ्या पानावर टाकू. ते म्हणाले, नोंद तिथेच असते. मी म्हणालो, निदान साइटची चूक असं लिहू. त्यांनी पेन घेतलं, माझी ओळ खोडली आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात इंग्रजीत लिहिलं की ड्रॉइंगवर एक्स्ट्रा म्हणून दाखवलेल्या सळया न बसवता स्लॅब ओतण्यात आला. डिझायनरनं ओतण्याआधी जागेवर पाहणी केली होती.

"हे खोटं आहे का?" त्यांनी विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली, त्यात खोटं सापडेना. मी उठायला हवं होतं, पण उठलो नाही. बाहेर नवीन आलेली मुलगी प्रिंटर चालू करून थांबली होती.

"आद्याक्षरं नकोत," साहेब म्हणाले. "एवढी मोठी नोंद आहे, पूर्ण नाव घाला." आणि त्यांनी कागद माझ्याकडे फिरवून दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

चौकोन लहान होता. मी नाव बारीक अक्षरात लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनाव रेषेच्या बाहेर गेलं.